एकोणतीस ठोकळे

बँकेत मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅशच्या पिंजऱ्यात बसून, त्यामुळे मोजणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको असं मला आपलं वाटायचं. स्पंजच्या डबीत बोट बुडवायचं आणि सुरू. शंभर नोटांचं एक पुडकं, दहा पुडक्यांचं एक बंडल, आणि संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही तर बाकीचे सगळे घरी नि आपण बसलोय कपाळाला हात लावून. रिटायर झाले तेव्हा म्हणलं आता जन्मात काही मोजायचं नाही, दुधाच्या पिशव्यासुद्धा यांनीच मोजाव्यात. आणि आता पुण्यात लेकीकडे येऊन रोज रात्री फरशीवर फतकल मारून लाकडी ठोकळे मोजतेय. तीस. रोज तीस भरले पाहिजेत.

झालं असं की नातीला, घरात सगळे तिला चिऊच म्हणतात, तिसरं पूर्ण व्हायला तीनेक महिने होते तेव्हा लेकीचा फोन आला, आई, चिऊ दहापर्यंत मोजते! मी खूश, पोरगी आमच्यावर गेलीय म्हणून शेजारी दोन घरी सांगूनपण आले. प्रत्यक्ष येऊन बघते तर एक दोन तीन चार पाच सात आठ नऊ दहा. सहा गायब. दर वेळेला गायब. बरं ते एक वेळ चालेल, पण वाटीत पाच द्राक्षं ठेवली (उभी चिरून, अख्खं द्राक्ष या वयात देऊ नये, घशात अडकतं) तर बोट दुसऱ्या द्राक्षावर आणि तोंड चारवर पोचलेलं. आणि मग विचारलं, किती झाली गं द्राक्षं, की आज्जीला ऐकू येत नाही वाटतं अशा नजरेने बघायची आणि परत पहिल्यापासून, एक दोन तीन चार पाच सात.

म्हणजे ते मोजणं नव्हतंच, बडबडगीत होतं.

मला आधी वाटलं पोरीचं काहीतरी कमी पडतंय. लेक म्हणाली अगं सगळ्यांचं असंच असतं, आणि तिने वाचलेलं मला ऐकवलं. मुलं शब्द लवकर म्हणायला लागतात पण त्या शब्दांचा अर्थ एकेक करून लागतो, आधी "एक" कळतो, मग कितीतरी महिन्यांनी "दोन", मग "तीन", आणि शेवटचा आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे कळायला बऱ्याच मुलांना साडेतीन-चार वर्षं लागतात. यावर गेल्मन आणि गॅलिस्टेल नावाच्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय म्हणे. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच आणि मोजायला वस्तू कुठलीही चालते. हे पाच नियम. मी ऐकून थक्क. चौतीस वर्षं पुडकी मोजली, शंभरावी नोट म्हणजे एक नोट असते आणि शंभर म्हणजे अख्खं पुडकं असतं, ही एवढी मोठी उडी आपण मारतोय हे मला कधी जाणवलंसुद्धा नाही!

टेस्ट पण सोपी आहे, घरी करता येते. मुलाला किती आहेत विचारायचंच नाही, तीन दे म्हणायचं. चिऊला म्हणलं मला तीन मणुके दे. तिने मूठभर दिले. दोन दे म्हणलं, दोनच दिले, अगदी बरोबर. म्हणजे आमची बाई सध्या दोनवर आहे. छान आहे की.

तर मग वाढदिवसाला मोजायला शिकवणारे ठोकळे घ्यायचे ठरलं आणि इथून पुढे माझी खरी परीक्षा सुरू झाली. लेकीने फोनवर दाखवायला सुरुवात केली आणि संपेचना. आकडे छापलेले ठोकळे, आकड्यांची आगगाडी, दाबल्यावर इंग्रजीत ओरडणारे ठोकळे, आणि प्रत्येकावर "स्टेम टॉय". मी म्हणलं स्टेम म्हणजे देठ ना? मेथीचे काढतो ते? ती म्हणाली नाही गं, सायन्स टेक्नॉलॉजी इंजिनिअरिंग मॅथ्स. पावणेतीन वर्षांच्या पोरीला इंजिनिअरिंग, जी अजून बूट उलटे घालते.

आकडे छापलेल्या ठोकळ्यांशी माझं वाकडं का, तर सांगते. ठोकळ्यावर ५ लिहिलंय, पण हातात काय आहे? एकच ठोकळा! पोरीला आपण सांगणार हा पाच आहे. ती म्हणणार हा तर एक आहे, आणि बरोबर तीच आहे. नोटेवर पाचशे लिहिलेलं असतं तरी कॅशिअर मोजताना ती एकच नोट असते, पाचशेचा हिशोब नंतर. ही अक्कल नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात येते, ती दुधाचे दात असलेल्या पोराकडून कशी अपेक्षित करायची?

यावर एक फार हुशार तोडगा माँटेसरीबाईंनी काढला होता. रोममध्ये १९०७ साली त्यांनी बालगृह सुरू केलं, त्यांच्या साहित्यात लाल-निळ्या पट्ट्यांच्या दहा काठ्या असतात, सगळ्यात छोटी दहा सेंटिमीटरची, सगळ्यात मोठी एक मीटरची. पाचची काठी उचलली तर ती एकच वस्तू, पण तिच्यावर पाच कप्पे रंगवलेले, आणि चारच्या काठीपेक्षा ती लांब असल्याचं हाताला कळतं. एक मीटरची काठी उचलायला पोराला दोन्ही हात पसरावे लागतात, म्हणजे दहा किती मोठे ते खांद्याला कळतं! या बाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या, पुढची कितीतरी वर्षं इथल्या शिक्षकांना शिकवत राहिल्या.

पण ते साहित्य तेव्हाही महाग आणि आत्ताही महागच. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी काढली, बरोबर अनुताई वाघ, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम. तिथे कुठली परदेशी काठी आणणार? शिंपले, खडे, बिया, पानं, जे अंगणात पडलंय ते शिकायचं साहित्य. मला हे फार पटतं कारण आमचं लहानपण चिंचोक्यांवरच गेलं. आमचे आजोबा ज्वारी मापायला बसले की पहिल्या मापाला एक म्हणायचेच नाहीत, "लाभ" म्हणायचे, मग दोन, तीन. आणि भाऊ विटीदांडूत आबक, दुबक, तिबक करायचा. म्हणजे शब्द कुठलाही वापरा, मोजलं जातंच, फक्त प्रत्येक मापाला एक शब्द पाहिजे. चिऊचा सहा हरवलाय याचं मग मला विशेष वाटेनासं झालं.

लेकीला म्हणलं, चिंचोकेच दे ना तिला. तर ती माझ्यावर डाफरलीच. आणि तिचं खरं होतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करायला एक नळकांडं असतं, साधारण ३.२ सेंटिमीटर रुंद, त्यात जे अख्खं मावतं ते घशात अडकू शकतं असं समजायचं. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे तेपण आरामात आत पडतं, चिंचोका तर विचारूच नका. नाण्यांशी माझा एवढा संबंध आला पण नाण्याकडे मी त्या दृष्टीने कधी बघितलं नव्हतं, आता पर्स वर ठेवते. आणि ते लोहचुंबकाचे छोटे गोळे येतात ना, ते तर घरातच नकोत, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येते. घेताना आयएसआय मार्क बघायचा, १ जानेवारी २०२१ पासून तो खेळण्यांना सक्तीचा आहे, तरी रस्त्यावर बिनमार्काचा माल भरपूर मिळतो.

जावईबापूंचं मत पडलं लेगो. लहानांचं जे येतं ना, ड्युप्लो, १९६९ मध्ये निघालेलं, ते साध्या लेगोच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच, म्हणजे आकाराने आठपट, त्यामुळे गिळायची भीती नाही. आणि गंमत म्हणजे मूल मोठं झाल्यावर छोटे ठोकळे त्या मोठ्यावर बसतातसुद्धा. वस्तू चांगलीच आहे, माझं काही म्हणणं नाही, पण एकदा चिकटवले की तीन ठोकळ्यांचा एक होतो, आणि मला सुट्टे हवे होते. सुट्ट्यांचं महत्त्व कॅशिअरला सांगू नका.

शेवटी मी आणि लेक तुळशीबागेत गेलो. गेलो ठोकळ्यांना आणि तासभर पितळी भातुकलीपुढेच उभ्या, त्यात तिने एक चाळणी घेतलीच. ठोकळे मिळाले पुढे एका छोट्या दुकानात, आणि दुकानदाराला माझी मागणी पटेना. "आज्जी, यावर ए बी सी डी नाही, आकडे नाहीत, काहीच नाही, हा प्लेन आहे." मी म्हणलं तोच द्या. "शिकणार काय मग त्यातून?" असं म्हणत त्याने दिला. लाकडी, चार सेंटिमीटरचे चौकोनी, दहा लाल, दहा पिवळे, दहा हिरवे, सगळे अगदी एका मापाचे. एका मापाचे हे महत्त्वाचं, कारण एकावर एक रचले की चारचा मनोरा तीनच्या मनोऱ्यापेक्षा बरोब्बर एका ठोकळ्याने उंच दिसतो, तिथे कुणी सांगायला लागत नाही.

पहिले आठ दिवस चिऊने त्यातला एकही मोजला नाही. रचायचे, पाडायचे, खिदळायचं. मीही विचारलं नाही. फक्त रात्री भरताना मी एकेक डब्यात टाकायची आणि टाकताना आकडा म्हणायची, टक, एक, टक, दोन. आवाज आणि आकडा बरोबर. मग ती शेजारी येऊन बसायला लागली. मग तीच टाकायला लागली आणि मी नुसतं म्हणायचं. आणि तिचं बोट आणि तोंड एका लयीत आलं ते तिथे, त्या टकमुळे, आणि एक दिवस सहापण आला, कुठून आला माहीत नाही.

दहा लाल झाले की मी आडवी रांग लावते, मग दहा पिवळे. हे करताना मला २०१९ चा तो गोंधळ आठवतो, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला "वीस दोन" आलं तेव्हा टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, अगदी विधानसभेपर्यंत चेष्टा झाली. मीपण दोनचार जोक फॉरवर्ड केले होते, खोटं कशाला बोलू. आता फरशीवर दोन रांगा आणि दोन सुट्टे ठोकळे दिसतात तेव्हा वाटतं, वीस दोन, दिसतंय की समोर! बावीसमध्ये दोन आधी आणि वीस नंतर, लिहिताना उलट, लहान डोक्याला त्रास होणारच. पण बावीस सोडवत नाही हो. आणि एकोणतीस तर मुळीच नाही. एकोणतीस म्हणजे तिसात एक कमी. आकड्यातच शॉर्टेज सांगितलेलं आहे, पुडक्यात एक नोट कमी भरली की कॅशिअरच्या पोटात जो गोळा येतो तो या शब्दात आहे.

आणि गेल्या मंगळवारी रात्री तेच झालं. दहा हिरवे, दहा पिवळे, नऊ लाल. परत मोजले. नऊ. सोफ्याखाली, बुटांच्या रॅकमध्ये, वॉशिंग मशीनच्या मागे, तांदळाच्या डब्यात, सगळीकडे बघितलं. लेक म्हणाली आई सोड ना, एक ठोकळा तर आहे. तिला काय कळणार, शॉर्टेज आलं की आम्ही खिशातून भरायचो. चिऊला विचारलं लाल कुठंय गं, तर डब्यात डोकावून अगदी सहज म्हणाली, एक नाही. मी तीनदा मोजून जे काढलं ते तिने नुसत्या रांगेचा दात पडलेला बघून सांगितलं. पण कुठंय ते काही सांगेना, विचारलं की "दिला" म्हणायची. कुणाला दिला? "दिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली, इस्त्रीवाले दादा दारात. आदल्या दिवशी मी त्यांच्या हातावर दहाची नाणी मोजून ठेवली होती, एक, दोन, तीन, चार, ती माझ्या पदराला धरून बघत होती हे आत्ता आठवलं. त्यांनी खिशातून लाल ठोकळा काढला.

"आज्जी, हा काल छोट्या मॅडमनी दिला," ते म्हणाले, "पण याचे सुट्टे नाहीत माझ्याकडे."