सॉनिक्सच्या गावाला: सिअ‍ॅटल, टॅकोमा, पोर्टलंड

साठच्या दशकातला अनोळखी रॉक शोधायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सॅन फ्रान्सिस्को येतं. तिथे जरूर जा, पण त्याआधी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात या, असं मी आग्रहाने सांगेन. सिअ‍ॅटल ते पोर्टलंड हा जेमतेम 280 किलोमीटरचा पट्टा. मधे टॅकोमा, शीर्षकातल्या ‘द सॉनिक्स’ या बँडचं गाव. हौशी पोरांच्या ज्या कच्च्या, खडबडीत रॉकला पुढे गॅरेज रॉक म्हणायला लागले, त्यातलं सगळ्यात रांगडं, सगळ्यात दणकेबाज संगीत या पट्ट्यात तयार झालं. सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंड भागात आपली मराठी माणसं भरपूर आहेत, त्यामुळे अनेकांना इथे मुक्कामाची सोयही सहज होते. माझीही बहिणीकडे झाली.

इथल्या बँड्सना जग ‘विस्मृतीतले’ म्हणतं. हा पट्टा फिरताना ते मला पटेनासं झालं. आपल्या मुलखात हे बँड मुळीच अनोळखी नव्हते. शनिवारी रात्री त्यांच्यासाठी नाचघरं भरायची, इथल्या रेडिओवर त्यांची गाणी वाजायची, रेकॉर्ड काढायला गावातलीच कंपनी असायची. लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इतके लांब की तिकडे कुणी बोलावेल याची वाट बघण्यात अर्थच नव्हता. त्यामुळे इथल्या पोरांनी आपलं आपण उभं केलं. ही गोष्ट डोक्यात ठेवून फिरलात तर साधे चौक आणि साध्या भिंतीही बोलायला लागतात.

सिअ‍ॅटलमध्ये मोपॉप हे पॉप संस्कृतीचं संग्रहालय आहे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी ते 2000 साली उभं केलं, इमारत वास्तुविशारद फ्रँक गेहरी यांची. वेस्टलेकहून मोनोरेल पकडा, 1962 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ती गाडी थेट या इमारतीच्या पोटातून जाते. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि ‘निर्वाणा’ या बँडसाठी गर्दी असते, आणि ते साहजिक आहे. मला जास्त आवडली ती साउंड लॅब, जिथे गिटार, ड्रम, कीबोर्ड स्वतः वाजवून बघता येतात. मुलं बरोबर असतील तर इथेच अर्धा दिवस जाईल. संग्रहालय रोज उघडं असेलच असं नाही, वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. तिथून चालत केईएक्सपी रेडिओचं केंद्र गाठता येतं. तिथे बसायला मोकळी जागा आहे, कॉफी मिळते, आणि थेट प्रसारण कानावर पडत राहतं.

सायकेडेलिक, म्हणजे नशेच्या धुंदीची आठवण करून देणाऱ्या संगीताच्या काळासाठी सेव्हन्थ अव्हेन्यू आणि युनियन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जुनी ईगल्स ऑडिटोरियमची इमारत बघा. साठच्या दशकाच्या शेवटी प्रकाशझोतांचे खेळ आणि लांबलचक गिटारवादन चालायचं ते इथे. आता तिथे नाट्यगृह आहे, पण 1925 ची ती नक्षीदार इमारत शाबूत आहे. सिअ‍ॅटलचा ‘द डेली फ्लॅश’ हा बँड या वळणावरचा. 1965 साली सुरू झालेला, लोकगीतांकडून गुरगुरणाऱ्या गिटारकडे सरकलेला. त्यांच्या मोजक्या सिंगल्स (दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड) जाण्याआधी ऐकून घ्या.

खरा प्रवास मात्र दक्षिणेकडे. विमानतळाच्या दक्षिणेला पॅसिफिक हायवे साउथ आणि केंट-डे मॉईन्स रोड जिथे मिळतात, तिथे ‘स्पॅनिश कॅसल’ नावाचं नाचघर होतं. 1968 साली ते पाडलं. रस्त्यावर बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे आधीच सांगतो. तरी उतरा. सिअ‍ॅटल आणि टॅकोमा, दोन्हीकडची पोरं जुन्या हायवेने गाड्या हाणत इथे यायची, म्हणजे दोन शहरांचं संगीत मिसळलं ते या चौकात. टॅकोमाच्या ‘द वेलर्स’ या बँडने आपला थेट मैफलीचा एलपी (अनेक गाण्यांची मोठी रेकॉर्ड) इथेच ध्वनिमुद्रित केला. गर्दीत ऐकायला येणाऱ्यांमध्ये जिमी हेंड्रिक्स नावाचा सिअ‍ॅटलचा मुलगाही होता. पुढे 1967 मध्ये त्याने या नाचघराचं नाव थेट एका गाण्याच्या शीर्षकातच घातलं. त्याची समाधी जवळच रेंटनला, ग्रीनवुड स्मशानभूमीत आहे. गाडी नसेल तर टुकविला इंटरनॅशनल बुलेवार्ड स्टेशनवरून रॅपिडराइड ए ही बस पॅसिफिक हायवेने या चौकातून जाते.

आता टॅकोमा. लाकूड, बंदर, शेजारी फोर्ट लुइसची लष्करी छावणी. सिअ‍ॅटलवाले या शहराकडे थोडं वरून बघतात, पण माझ्या मते सगळ्या पट्ट्याचं काळीज इथे आहे. ‘द व्हेंचर्स’ इथलेच. 1958 साली बांधकामावर काम करणाऱ्या दोघांनी, बॉब बोगल आणि डॉन विल्सन यांनी, हा बँड सुरू केला. विल्सनच्या आईने त्यांच्यासाठी ब्लू होरायझन नावाची रेकॉर्ड कंपनीच काढली, आणि 1960 मध्ये त्यांची ‘वॉक, डोन्ट रन’ देशात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. साउथ टॅकोमा वेवर कॉफीच्या किटलीच्या आकाराची ‘बॉब्स जावा जाइव्ह’ ही 1927 ची इमारत आहे. व्हेंचर्स सुरुवातीला तिथे वाजवायचे. बाहेरून तरी बघाच.

पण मला इथे ओढून आणलं ते वेलर्सनी आणि सॉनिक्सनी. वेलर्स 1959 मध्ये ‘टॉल कूल वन’ घेऊन देशभर पोहोचले आणि परत घरी आले. 1961 साली वेलर्समधल्या बक ऑर्म्सबी, केंट मॉरिल आणि गायक रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स यांनी ‘एटिकेट’ ही स्वतःची कंपनी काढली. रिचर्ड बेरी यांचं 1957 चं ‘लुई लुई’ रॉबर्ट्सने उचललं आणि वेलर्सच्या साथीने एटिकेटवर काढलं. ते वायव्य भागात इतकं रुजलं की इथल्या प्रत्येक बँडला ते यावंच लागायचं. माझ्या लेखी या सगळ्याचा उगम वेलर्स आहेत. आज नाव सॉनिक्सचं जास्त होतं, वेलर्सना त्यांचा वाटा मिळत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सॉनिक्सना पुढे आणलं तेही ऑर्म्सबीनेच. 1964 च्या शेवटी आलेली ‘द विच’ आज ऐकली तरी अंगावर येते. गेरी रॉसली गातो म्हणण्यापेक्षा किंचाळतो, बॉब बेनेटचे ड्रम दारावर धडका मारल्यासारखे येतात, आणि रॉब लिंडचा सॅक्सोफोन गिटारच्या तोडीस तोड गुरगुरतो. सॅक्सोफोन ही इथली खूण. सिअ‍ॅटलच्या डेव्ह लुइससारख्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या रिदम अँड ब्लूजमधून ती आली, आणि बीटल्ससारख्या इंग्लिश बँड्सच्या लाटेनंतर सगळीकडे नुसत्या गिटारी उरल्या तरी इथे टिकली. पहिल्या एलपीचं ध्वनिमुद्रण सिअ‍ॅटलच्या कर्नी बार्टन यांनी केलं. आवाजाचे फक्त दोन ट्रॅक, आणि अख्ख्या ड्रमसेटला एकच माइक. दुसरा, 1966 चा ‘बूम’, टॅकोमातल्या एका छोट्या स्टुडिओत झाला. तिथे या पोरांनी भिंतीवरचं आवाज शोषणारं आवरण उचकटून काढलं, आवाज अजून उघडा, अजून खणखणीत यावा म्हणून. एलपी लावलात की ती उघडी भिंत ऐकू येते.

टॅकोमात सिक्स्थ अव्हेन्यूवर हाय-व्होल्टेज हे रेकॉर्डचं दुकान आहे. दुकानदाराशी बोला. काय हवंय ते सांगण्याआधी काय ऐकलंय ते सांगा, मग गप्पा वेगळ्याच वळणावर जातात. घेताना काही गोष्टी बघा. ‘द विच’ची पहिली आवृत्ती असेल तर मागच्या बाजूला ‘कीप अ नॉकिन’ असतं, नंतरच्या आवृत्तीत तिथे ‘सायको’ आलं. एटिकेटचे मूळ एलपी फार महाग पडतात आणि बहुतेकांवर पार्टीतल्या सुयांचे ओरखडे असतात. ऐकण्यासाठी घेणार असाल तर नॉर्टन किंवा बिग बीटच्या पुनर्मुद्रित आवृत्त्या घ्या, निःसंकोच घ्या. ‘स्टीरिओ’ असं ठळक लिहिलेल्या, स्वस्त, अनोळखी छापाच्या प्रतींपासून मात्र दूर राहा. हे संगीत मोनोतच, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येईल असंच ऐकायचं.

टॅकोमाहून पोर्टलंडला अ‍ॅमट्रॅकची कॅस्केड्स गाडी घ्या. अडीच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. समुद्राला लागून जाणाऱ्या रुळांचे फोटो पाहून टॅकोमापुढे त्याची वाट बघू नका, 2021 पासून गाडी तिथे आतल्या मार्गाने जाते. हवा स्वच्छ असेल तर डावीकडे माउंट रेनियर दिसतो. जुलै ते सप्टेंबर हा कोरडा काळ, एरवी छत्री लागतेच.

पोर्टलंडमध्ये युनियन स्टेशनहून स्ट्रीटकारने पॉवेल्स या पुस्तकांच्या दुकानापर्यंत या आणि तिथून चालत 411 साउथवेस्ट थर्टीन्थ अव्हेन्यू गाठा. 6 एप्रिल 1963 रोजी इथल्या स्टुडिओत पोर्टलंडच्या ‘द किंग्समेन’ या बँडने ‘लुई लुई’ ध्वनिमुद्रित केलं. आठवण म्हणून इथे फलक लावलेला आहे. माइक इतका उंच टांगला होता की गायक जॅक इलीला मान वर करून ओरडावं लागलं. गिटारचा तुकडा संपल्यावर तो एक क्षण लवकर शिरतो, थांबतो, आणि लिन ईस्टन ड्रमवर ती जागा भरून काढतो. ती चूक तशीच राहिली आणि आता तिच्याशिवाय गाणं अपुरं वाटतं. त्याच सुमारास ‘पॉल रेव्हिअर अँड द रेडर्स’ या दुसऱ्या बँडने हेच गाणं याच स्टुडिओत केलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. रेडर्सचं जास्त नेटकं आहे, किंग्समेनचं जास्त जिवंत.

पुढचं सगळं विलक्षण. गाणं देशात दुसऱ्या क्रमांकावर गेलं, शब्द कळेनात म्हणून ते अश्लील असणार असा बोभाटा झाला, आणि एफबीआयने चौकशी केली. रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगाने वाजवून पाहिली तरी शब्द लागेनात. मूळ गाणं घरी परतायला निघालेल्या एका खलाशाचं, साधं प्रेमगीत आहे. तोवर इली बँडमधून बाहेर पडला होता. दुकानात हे सिंगल सापडलं तर लेबल बघा: सिअ‍ॅटलच्या जर्डन कंपनीचं 712 क्रमांकाचं दुर्मीळ, न्यूयॉर्कच्या वाँडचं 143 सहज मिळणारं. वाँडच्या नंतरच्या प्रतींवर मुख्य गायक म्हणून इलीचं नाव छापलेलं आहे. मला तीच प्रत प्रिय आहे, कारण तिच्यावर त्याला त्याचं श्रेय मिळालं.

खरेदी शक्यतो पोर्टलंडसाठी राखून ठेवा. पोर्टलंडच्या ओरेगन राज्यात विक्रीकर नाही, सिअ‍ॅटलमध्ये तो दहा टक्क्यांच्या वर जातो. ईस्ट बर्नसाइडवरचं म्युझिक मिलेनियम हे 1969 पासूनचं दुकान चुकवू नका. खालच्या खोक्यांतल्या स्वस्त सिंगल्स वाकून, बसून, सावकाश चाळा. वायव्येकडच्या छोट्या कंपन्यांची लेबलं तिथेच हाती लागतात. रेकॉर्ड भारतात नेणार असाल तर एलपी केबिन बॅगेतच, उभे, दोन बाजूंना जाड पुठ्ठा लावून ठेवा. सिंगल्सचं मधलं भोक मोठं असतं, त्यासाठी प्लास्टिकचा अ‍ॅडॅप्टर तिथूनच दोन-चार घेऊन ठेवा, आपल्याकडे शोधत बसावं लागतं. उन्हात उभ्या गाडीत रेकॉर्ड अजिबात सोडू नका. आणि घरी आल्यावर पावसाळ्यापूर्वी कागदी आतली पाकिटं बदलून प्लास्टिकचं अस्तर असलेली घाला, आपल्या दमट हवेत बुरशी धरायला एक महिना पुरतो.