तुम्ही विचारलंत म्हणून: शाळा फादरांची की मुख्याध्यापिकेची?

मी धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजाच्या, शाळेत मुख्याध्यापिका होते हे कळलं, की एक प्रश्न हमखास येतो. "म्हणजे शाळा तुम्ही चालवत होता, की फादर?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवलेलं असतं. कुणाला वाटतं, फादर फक्त बक्षीस समारंभापुरते. कुणाला वाटतं, मुख्याध्यापिका फक्त सह्यांपुरती. मी तीन प्रमुख धर्मगुरूंच्या हाताखाली काम केलं. एकाच्या काळात पहिलं थोडं खरं होतं, एकाच्या काळात दुसरं. तिसऱ्यांमुळे मला उत्तर सापडलं.

आधी कायद्याचं सांगून टाकते, कारण तिथे फारसा गोंधळ नाही. कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेचा 1983 चा कायदा, सांगतो की धर्मग्रामाच्या सगळ्या कायदेशीर व्यवहारांत धर्मग्रामाच्या वतीने प्रमुख धर्मगुरूच उभा राहतो (कलम 532). मुलांच्या आणि तरुणांच्या कॅथलिक शिक्षणाची विशेष काळजी घेणं हे त्याच्या कर्तव्यांतच येतं (कलम 528). त्यामुळे शाळा म्हणजे वेळ मिळाला तर बघायचं काम नव्हे. त्याच्याही वर बिशप असतात. धर्मप्रांतातल्या, म्हणजे त्यांच्या अखत्यारीतल्या भागातल्या, कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा आणि त्यांना भेट देण्याचा हक्क कलम 806 त्यांना देतं. थोडक्यात, शाळा धर्मग्रामाची, आणि धर्मग्रामाचे प्रमुख फादर.

पण याच कायद्याचं कलम 250 म्हणतं, की धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (ख्रिस्ती धर्मशास्त्र) मिळून किमान 6 वर्षं शिकावं लागतं. वेळापत्रक कसं लावायचं, दोन शिक्षिकांमधला अबोला कसा सोडवायचा, चौथीत येऊनही वाचता न येणाऱ्या मुलाचं काय करायचं, हे त्या अभ्यासात कुठून येणार? मग एक दिवस बदलीचं पत्र येतं आणि नव्या चर्चबरोबर एक अख्खी शाळाही पदरात पडते. मला त्यांची कणव यायची, अगदी खरं.

पहिले फादर अतिशय प्रेमळ होते, आणि नेमकी तीच अडचण होती. रविवारची मिस्सा संपली की ते चर्चच्या दाराशी उभे राहत. लोक भेटत, हात मिळवत आणि जाता जाता शाळेचं गाऱ्हाणं सांगत. फादरांना कुणाला नाही म्हणणं जमत नसे. "बघतो, काळजी करू नका," म्हणत, आणि खरोखरच बघत. सोमवारी सकाळी मला कळायचं, की अमक्या मुलीची तुकडी बदलली आहे, तमक्याची शिक्षा माफ झाली आहे. वर्षभरात पालकांना वाट पाठ झाली. माझ्या खोलीत कुणी फिरकेना. पुढे शिक्षकही दाराशी जाऊ लागले, आपली बाजू मांडायला. फादरांनी कधी आवाज चढवला नाही की कुणाला दुखवलं नाही. तरी शाळेत शेवटचा शब्द कुणाचा, हे शाळेतल्या कुणालाच सांगता येईना.

दुसऱ्यांनी याच्या उलट केलं. "शाळा तुमची, मी लुडबुड करणार नाही." सुरुवातीला हायसं वाटलं, नाकारत नाही. पण ते शाळेत येईनासे झाल्यावर चर्च आणि शाळा एका कुंपणातल्या दोन अनोळखी संस्था झाल्या. म्हातारी माणसं विचारू लागली, आमची मुलं शिकून कधीच मोठी झाली, आता आमच्या दानातले पैसे शाळेकडे कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मी वेदीवरून बोलू शकत नाही, आणि मी बोलले असते तर ते मागणं वाटलं असतं. अमेरिकेतल्या बिशपांनी 1884 मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत ठरवलं होतं, की जिथे शाळा नाही तिथे प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत ती उभी राहिली पाहिजे, आणि त्यात गंभीर हयगय करणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करता येईल. आज ते जरा अतीच वाटतं. पण शाळेचं ओझं मुख्याध्यापकांवर न टाकता धर्मगुरूवर का टाकलं, हे मला त्या काळात कळलं.

तिसरे फादर आले तेव्हा पहिले काही आठवडे त्यांनी काहीच बदललं नाही. सकाळी शाळा भरताना फाटकाशी उभे राहत, एवढंच. पहिल्या सत्रातच त्यांना बरीच मुलं नावाने माहीत झाली, आणि ते घरोघरी जात असल्यामुळे त्या नावांमागची घरंही. एकदा म्हणाले, "सातवीतल्या त्या मुलाला थोडे दिवस सांभाळून घ्या." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हे काम मुख्याध्यापिकेला कितीही मन लावलं तरी जमत नाही. तिच्यापर्यंत मूल येतं, घर येत नाही. पैशांचं त्यांनी वित्त समितीपुढे मांडलं आणि मग वेदीवरून स्पष्ट सांगितलं, आकड्यांसकट. कुरकूर थांबली नाही, पण आता ती त्यांच्याकडे जाऊ लागली, आणि माझी त्याला काही हरकत नव्हती.

आणि ते दार. एका रविवारी एक आई तिथे फादरांना गाठून माझीच तक्रार सांगत होती. मी चार पावलांवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"टीचरशी बोललात?" फादरांनी विचारलं.

"नाही फादर, म्हटलं तुम्हालाच सांगावं."

"आधी त्यांच्याशी बोला. तरी समाधान झालं नाही तर या, मी इथेच आहे."

बाई चिडल्या. पुढचे दोन रविवार त्यांनी फादरांकडे पाहिलंही नाही, असं लोक म्हणत. माझ्याकडे मात्र आल्या, भांडायच्या तयारीने का होईना. पोप अकरावे पायस यांनी 1931 च्या परिपत्रकात लिहिलं आहे, की खालच्याला जे करता येतं ते वरच्याने त्याच्याकडून काढून घेऊ नये. फादरांनी ते कधी मला ऐकवलं नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी, त्या बाई यायच्या आधीच, फादर माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "टीचर, त्या मुलीच्या बाबतीत तुमचं चुकलंय."

चुकलंच होतं.