कट्यारीसमोर पाय हलेना
आज भाच्याला घेऊन नागपूरच्या अजब बंगल्यात गेलो, 1863 चं म्युझियम आहे हे, आणि आम्ही शस्त्रांच्या दालनातच अडकलो ना. कट्यारीची मूठ आडवी असते, दोन दांड्यांच्या मधे, म्हणजे मूठ आवळली की पातं सरळ बोटांच्या पुढे, बुक्की मारावी तसा वार आणि मागे अख्ख्या खांद्याचा जोर. काहींचं टोक मुद्दाम जाड ठेवायचे, चिलखताच्या कड्या फोडायला. भाचा म्हणे, मामा, एवढ्या जवळून म्हणजे समोरच्याचा श्वास लागत असेल ना अंगाला? मी गप्पच झालो. येताना बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, किल्ल्याची टेकडी दिसली, 1817 च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज इथंच इंग्रजांशी भिडली होती, तिकडेच बघत राहिलो, सिग्नल सुटल्याचं कळलंच नाही.