खल पुढे गेला, बत्ता मागे राहिला

साताऱ्याचं घर आवरण्यात चार दिवस गेले. त्यातून मी एकच वस्तू मागून घेतली, आजीचा बिडाचा खलबत्ता.

बेंगळुरूला विमानानं यायचं होतं; तो मोठ्या बॅगेत घालायला आईनं साफ नकार दिला. "हातातच ने गं. सामान फेकतात ते लोक. बीड आहे, आपटलं की तडकेल." तिचं खरं होतं. बीड दिसायला दणकट, पण ठिसूळ; ओट्यावरून पडून तव्याचे दोन तुकडे झालेले आमच्या घरानं पाहिलेत. विळी आणि अडकित्ता पात्याचे, ते केबिनमध्ये चालत नाहीत, म्हणून चेक-इनला दिले. खलबत्त्याला कुठे धार आहे? जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून सॅकमध्ये ठेवला. हातातल्या सामानाला मुभा ७ किलोंची, त्यातले साडेचार किलो त्याचेच.

सिक्युरिटीला सॅक मशीनमध्ये गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर कपडे, खाऊ नारिंगी दिसतात, धातू निळसर. जाड बिडातून मात्र किरण आरपार जातच नाहीत. मधोमध नुसता काळा गोळा. जवानानं सॅक उघडायला लावली. लुगडं सोडलं आणि त्याचा चेहराच खुलला. "अरे, ये तो इमामदस्ता है! हमारी दादी के पास था." त्यानं बत्ता हातात तोलला, खलात हलकेच टेकवला. ठण्ण! शेजारच्या रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या. मला वाटलं, सुटले.

"ये कटोरा ले जाइए," तो म्हणाला, "ये डंडा नहीं जाएगा."

वाद घालावा असं काही नव्हतंच. वीतभर लांबीचा भरीव बत्ता डोक्यात घातला तर माणूस आडवा होईल, हे मलाही कळत होतं. पण बत्त्याविना खल घेऊन मी करू काय? बाजूच्या खोक्यात लोकांनी टाकून दिलेले लायटर, कात्र्या आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पडल्या होत्या. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेतं, म्हणून बंदी. त्या ढिगात आजीचा बत्ता टाकायचा या विचारानंच माझे डोळे भरून आले.

जवानानं ते पाहिलं असावं. "काउंटर अभी खुला है, जल्दी जाइए," म्हणत त्यानं एका सहकाऱ्याला माझ्यासोबत बाहेरपर्यंत पाठवलं. विमान सुटायच्या तासभर आधी काउंटर बंद होतो; माझ्या हातात बारा मिनिटं होती. धावले. काउंटरवरच्या मुलीनं गाठोड्याकडे पाहून "एवढंच?" विचारलं, लुगड्याच्या गाठीलाच पट्टी चिकटवली आणि ते ट्रेमध्ये ठेवून आत सोडलं. त्या दोन अनोळखी माणसांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्ही नेणार असाल तर बत्ता आधीच मऊ कपड्यात गुंडाळून बॅगेत द्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रवास कसा झाला, आठवत नाही. बेंगळुरूला पट्ट्यावर सुटकेसांच्या मागून जांभळं गाठोडं डुलत आलं. मी तिथूनच आईला फोन लावला.

"आला का बत्ता?"

"आला."

"वाजवून दाखव. तडा असला तर बद्द वाजेल."

सॅकमधून खल काढून मी जमिनीवर ठेवला, फोन जवळ धरला आणि बत्ता मारला.

"आहे, आहे," आई म्हणाली. "अजून एकदा वाजव."