हाताचे तंतू गेले कुठे?

सर्जनना चित्र एकच हवं असतं. या केसमध्ये माझ्याकडे दोन होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती.

रुग्ण सांगलीकडचे शिक्षक, चाळिशीतले. वर्गातच फिट आली, एमआरआयमध्ये उजव्या फ्रंटल भागात गाठ दिसली. डाव्या हाताला हुकूम पोचवणारे मेंदूतले तंतू गाठीपासून किती लांब आहेत, एवढंच मला सांगायचं होतं. लोकांना वाटतं, मशीन तंतूंचा फोटो काढतं. डिफ्यूजन स्कॅन हा एमआरआयचाच प्रकार फक्त पाणी कुठल्या दिशेला सहज सरकतंय ते मोजतो. दोन मिलिमीटरच्या एका ठोकळ्यात लाखो तंतू. त्यांच्या वाटा आम्ही गणिताने ताडतो.

त्यात स्कॅन घाईत उरकलेला. उलट्या फेज-एन्कोडिंगची प्रतिमा, म्हणजे उलट्या दिशेने ताणलेली जोडप्रतिमा, घेतलीच नव्हती; तिच्यावरून स्कॅनमधला ताण दुरुस्त करता येतो. दोन मिनिटांचंही काम नाही, पण बाहेर रांग वाढली की पहिली कात्री तिलाच लागते. मग ताणलेला, वाकडा आलेला मेंदू टी-टू या साध्या एमआरआय प्रतिमेवर बसवत बसा.

मशीनसोबतच्या सॉफ्टवेअरने बटण दाबताच चित्र दिलं. पायाकडे जाणारे निळे तंतू ठसठशीत, हाताचे गायब. गाठीची मागची बाजू अगदी मोकळी! यात नवल काहीच नाही. ते ज्यावर चालतं ते १९९४ मध्ये मांडलेलं टेन्सर मॉडेल प्रत्येक ठोकळ्यात एकच मुख्य दिशा धरतं. हाताचे तंतू खाली उतरताना मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचे आडवे तंतू त्यांना छेदतात, तिथे ते फसतं. शिवाय सूज होती. सुजेत एफए, म्हणजे पाणी एकाच दिशेला किती ठामपणे सरकतं त्याचा शून्य ते एकमधला आकडा, घसरतो; तो ०.२ च्या खाली गेला की तंतूंचा माग काढणं थांबतं.

एका ठोकळ्यात अनेक दिशा धरणाऱ्या स्फेरिकल डीकन्व्होल्यूशन पद्धतीने पुन्हा काढलं. हाताचे तंतू आले, गाठीच्या कडेपासून सेंटिमीटरभर. सोबत शरीररचनेत न बसणारे झुपकेही आले. ते मी निवडून काढले. तंतू ताडण्याच्या पद्धतींच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत २० संशोधक गटांनी ९६ नकाशे दिले होते. तंतूंचे खरे २५ जुडगे आधीच ठरलेले होते, तरी सरासरी खोटे जुडगे खऱ्यांपेक्षा जास्त निघाले. हे माहीत असल्यावर झुपका पुसताना हात जरा अडखळतोच.

दोन्ही चित्रं पाठवली. लगेच सर्जनचा फोन.

"यातलं खरं कुठलं?"

"सर, पहिल्यात तंतू दिसत नाहीत, म्हणून ते तिथे नाहीत असं नाही."

"अरे, मग मी धरू काय?"

"दुसरं धरा. पण स्टिम्युलेशनचा कौल शेवटचा."

स्टिम्युलेशन म्हणजे ऑपरेशनमध्येच करंट देऊन स्नायू हलतो का ते पाहणं. हे त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये कमालीचा सावध. रंगीत चित्रापुढे मात्र भाबडा.

गाठीच्या मागच्या कडेला पोचल्यावर ते करंट उतरवत गेले. सहा मिलिअँपिअरलाही अंगठ्याच्या स्नायूने प्रतिसाद दिला. एक मिलिअँपिअरला साधारण एक मिलिमीटर हा ठोकताळा, म्हणजे तंतू पाच-सहा मिलिमीटरवर. हत्यार स्कॅनवर कुठे आहे ते दाखवणाऱ्या नेव्हिगेशनच्या पडद्यावर माझी रेघ अजून सेंटिमीटरभर लांब होती. ते थांबले. गाठीचा थोडा भाग राहिला.

शिक्षकांचा हात काही दिवस जड होता, मग सुधारला. मी अजून त्या चार-पाच मिलिमीटरमध्ये अडकलोय. कवटी उघडल्यावर मेंदू खचतो आणि नेव्हिगेशन जुन्याच स्कॅनवर चालतं; फरक तिथला? की न घेतलेल्या त्या प्रतिमेचा? की मी पुसलेल्या झुपक्यांत हाताचे काही खरे तंतू होते? एका केसवरून हे वेगळं काढता येत नाही.

परवा सर्जनांचा निरोप आला. कॉन्फरन्सच्या स्लाइडसाठी चित्र हवंय. पहिलं. "ते जास्त सुटसुटीत दिसतं." मी अजून पाठवलेलं नाही.