आधी ट्रान्सपोजचं बटण बघ

हळदी आणि ऑर्केस्ट्रे वाजवून माझा हात तयार होता. त्यामुळे वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, कीबोर्ड वाजवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं मला वाटायचं. पहिल्याच रविवारी प्रवेशगीताच्या दोन ओळींमध्ये मी ऐटीत एक सुरावट टाकली. लोक गोंधळले, पुढची ओळ उचलायची कधी, कुणालाच कळेना. मिस्सानंतर गायनमंडळाचे मास्तर म्हणाले, "बाबू, ती जागा लोकांच्या श्वासाची आहे."

कीबोर्ड माळ्यावर, वेदीकडे पाठ. म्हणून मास्तरांनी स्टँडला स्कूटरचा आरसा तारेनं बांधलेला. ख्रिस्तप्रसाद घ्यायला लागलेली लोकांची रांग त्यात बघायची. शेवटची चार माणसं उरली की नवं कडवं धरायचं नाही. हे जमायला मला तीन महिने लागले.

सकाळी सहाच्या मिस्साला आवाज बसलेले असतात, म्हणून कीबोर्डची पट्टी वर-खाली करणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणानं अख्खा एक सूर खाली उतरवायचा. एकदा साडेआठला ते बटण शून्यावर आणायचं राहिलं. तबला काळी दोनला लावलेला. प्रतिसाद स्तोत्र सुरू झालं आणि कीबोर्ड एका गावात, तबला दुसऱ्या! तबलजीनं सुरात लावलेल्या उजव्या तबल्यावरचा हात काढला आणि नुसत्या डग्ग्यावर वेळ मारून नेली. पाच रविवार मला टोमणे.

(आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये. मराठी आणि तिच्यासोबत तबला-पेटी वेदीपर्यंत पोचली ती १९६२-६५च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर.)

रविवारची सेवा फुकट, पाकीट मिळतं ते लग्नाच्या मिस्साला. ईस्टरआधीच्या उपवासाच्या प्रायश्चित्तकाळात लग्नं जवळजवळ नसतातच, म्हणजे खिसाही उपवासाला. त्या दिवसांत आल्लेलूया नाही, रविवारी 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत नाही, वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून. सुरुवातीचा तुकडा नाही, मधली सुरावट नाही. बोटं नुसती वळवळायची. पण लोक किती मोठ्यानं गातात, हे मला तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आलं.

पवित्र गुरुवारी 'ग्लोरिया'ला घंटा वाजल्या आणि मग गप्प झाल्या. शुक्रवारी लाकडी खटखट्या तेवढ्या. शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणाचा विधी, अंधारात मेणबत्त्या, एकामागून एक वाचनं. मग फादरांनी 'ग्लोरिया' उचलला, खाली घंटा सुटल्या, मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

मी आधी बटण बघितलं. शून्य. मग दोन्ही हात टाकले.