'अप' म्हणजे नेहमी वर नव्हे

इंग्रजीतला 'अप' शिकताना 'वर' या अर्थाला फार चिकटून राहू नये. 'ईट अप', 'यूज अप' यांत तो काम पुरतं संपल्याचं सांगतो. आपल्या 'खाऊन टाक'मधलं 'टाक' तेच करतं.

खरा घोळ जागेचा. 'लुक अप द वर्ड' आणि 'लुक द वर्ड अप' दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'लुक इट अप'. 'लुक अप इट' चूक. टेकडी चढताना मात्र उलट: 'रन अप इट'च, कारण तिथे 'अप' क्रियापदाला नव्हे, टेकडीला जोडलेला असतो. ('रन इट अप' बिलाबद्दल चालेल, उधारी वाढवलीत तर!)

रेल्वेतल्या 'अप'चा तर उंच-सखल जागेशी संबंधच नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे लंडनकडे जाणारी गाडी 'अप'. मुंबईत चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणारी लोकल.